गोधडी उलटी करून पाहिली तर : नगरचे लुगडे आणि त्याचे अस्तर

गोधडीविषयी लिहिताना बहुतेकांची नजर वरच्या रंगीत ठिगळांवरच खिळते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती आधी उलटी करावी. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जुन्या गोधड्यांच्या पाठीला बहुधा नऊवारी लुगडे लावलेले आढळते.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगर खंड १८८४ साली प्रसिद्ध झाला. त्यात जिल्ह्यातील हातमागाची आणि लुगडी विणणाऱ्यांची माहिती आहे. त्याआधी, १८७८ मध्ये, दौंड–मनमाड लोहमार्ग नगरवरून सुरू झाला आणि गिरणीचे सूत मागापर्यंत पोहोचणे सोपे झाले. पण व्यापाराच्या नोंदी कापड विकले जाईपर्यंतच त्याची सोबत करतात. अंगावर विरल्यावर ते कुठे गेले, हे गोधडीलाच विचारावे लागते.

आता थोडा हिशेब. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. पन्हा साधारण सव्वा वार. लुगड्याचे चार सारखे तुकडे केले, तर प्रत्येक दोन मीटरांहून किंचित लांब. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले, की गोधडीची एक बाजू तयार. उरलेल्या दोघांत दुसरी. अर्थात हा हिशेब कागदावरचा. कासोट्याचा आणि गुडघ्यांजवळचा भाग आधी विरतो. म्हणून लुगडे उन्हाकडे धरून पारखायचे, विरलेले तुकडे आतल्या थरांत घालायचे आणि धड कापड पाठीसाठी राखायचे. कात्रीपेक्षा हाताने फाडणे बरे. सुती कापड सुताच्या रेषेत सरळ फाटते. मग ते धुऊन, वाळवून सारवलेल्या जमिनीवर ताणून अंथरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आणि त्यावर चिंध्यांचे थर.

जुनेच कापड का? निव्वळ गरिबी हे उत्तर मला अपुरे वाटते. अनेक धुण्यांत जुने सुती कापड आटायचे तेवढे आटलेले असते. कोरे कापड लावले, तर पहिल्याच धुण्यात ते आकसते आणि धावदोऱ्याचे टाके ओढले जातात. शिवाय मऊपणा वेगळाच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या घरोघरी आल्या आणि अस्तरही बदलले. हे कापड निसरडे. ताणून ठेवणे अवघड, घामही शोषत नाही. कालनिर्णयासाठी मात्र ते उपयोगी आहे. फक्त एक सावधगिरी : पाठ विरली की जुन्यावरच नवे अस्तर चढवतात. त्यामुळे पॉलिस्टरची पाठ पाहून गोधडी अलीकडची ठरवू नये. उसवलेल्या कडेतून आतला थर पाहावा. तिथे कदाचित हातमागाचा काठ सापडेल.

अशा गोधड्या आज झपाट्याने टाकून दिल्या जात आहेत. घरातली टाकण्यापूर्वी तिच्या पाठीचे, जोडाचे आणि काठाचे छायाचित्र घ्या. ते लुगडे कोणाचे होते, कुठून घेतले होते, हे आजीला विचारा आणि तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.