कालमेळ : शरीरनोंदी आणि आर्थिक प्रयोग

वर्तनात्मक अर्थशास्त्राच्या प्रयोगात माणूस पैशाचा निर्णय घेत असताना त्याच्या नाडीची, तळहाताच्या घामाची किंवा मेंदूलहरींची नोंद घेणे आणि ती प्रयोगातल्या नेमक्या प्रसंगाशी वेळेच्या हिशेबाने जुळवणे.

अशा निर्णयांचा अभ्यास मराठी मुलखात जुना आहे. अर्थतज्ज्ञ हान्स बिन्स्वांगर यांनी इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेतर्फे महाराष्ट्र व तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या कोरडवाहू गावांत शेतकऱ्यांबरोबर नाणेफेकीचे खेळ केले. निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. छापा येवो वा काटा, हमखास ५० पैसे घ्यायचे, की एका बाजूला काहीच नाही आणि दुसऱ्या बाजूला २ रुपये, असा पेच. मधले पर्यायही होते. पैसे खरे मिळत. रक्कम वाढली तसे बहुतेक शेतकरी सावध झाले. नोंद झाली ती निवडीची, शरीराची नव्हे.

हाच खेळ अजिंठ्याच्या डोंगराखालच्या, कापसाच्या सोयगावात नाडी मोजत करायचा, तर पहिला प्रश्न खुणेचा येतो. निवड सांगितली तो क्षण, नाणे हवेत असतानाचा क्षण आणि ते उघडे पडल्याचा क्षण हे तीन वेगळे प्रसंग आहेत. घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युत्‌वाहकता प्रसंगानंतर साधारण १ ते ३ सेकंदांनी चढते. नाणे लगेच उघडले, तर निवडीची धाकधूक आणि निकालाचा धक्का एकाच आलेखात मिसळतात. दोन्हींमध्ये काही सेकंदांचे अंतर ठेवणे हाच सोपा उपाय.

वेळेच्या अशा हिशेबावर किती अवलंबून असते, हे अँटोइन बेशारा व सहकाऱ्यांच्या १९९७ च्या पत्त्यांच्या प्रयोगात दिसते. तोट्याच्या गड्डीतला पत्ता उचलण्याआधीच निरोगी लोकांच्या त्वचेत प्रतिसाद उमटू लागला, आणि तोही कोणती गड्डी वाईट हे त्यांना सांगता येण्याआधी. वेळेची खूण दहा सेकंद सरकली असती, तर हा शोधच हाती लागला नसता.

प्रयोगशाळेत संगणक प्रत्येक प्रसंगाला नोंदयंत्राकडे विद्युत्‌स्पंद पाठवतो. तरी ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर एक चित्रचौकट १६.७ मिलिसेकंद टिकते, त्यामुळे आज्ञा सुटणे आणि चित्र दिसणे यांत फरक पडतो. तो पडद्यावर चिकटवलेल्या प्रकाशसंवेदकाने मोजतात. दोन यंत्रांची घड्याळेही फटकत जातात : दशलक्षात २० भागांचा फरक तासाला ७२ मिलिसेकंद होतो. नाडीच्या सरासरीला तो चालतो, मेंदूलहरींना नाही. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी सामाईक खूण घेऊन फरक दुरुस्त करतात.

पडद्याचा उशीर आणि घड्याळांचा फरक मोजून शोधनिबंधात दिलेले नसतील, तर मिलिसेकंदांवर उभा असलेला निष्कर्ष स्वीकारू नये.