मायापुरीचा कोबाल्ट

प्रयोगशाळेतला धोकादायक कचरा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुया, रक्ताच्या नळ्या आणि पिवळ्या-लाल पिशव्या येतात. त्या पिशव्यांचे आजचे नियम 2016 चे, त्याआधीचे 1998 चे. पण किरणोत्सर्गी कचऱ्याला ते लागू होत नाहीत. त्यासाठी 2010 मध्ये 1962 चा अणुऊर्जा कायदा होता आणि लक्ष ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ बसतं मुंबईत, अणुशक्तीनगरला. आजची गोष्ट मात्र दिल्लीची.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गॅमासेल नावाचं कॅनडाचं यंत्र होतं. आत कोबाल्ट-60, भोवती शिशाचं जाड कवच. नमुन्यांवर गॅमा किरण सोडायचे, एवढंच त्याचं काम. 1985 नंतर ते बंद पडून होतं. कोबाल्ट-60 ची ताकद साधारण सव्वापाच वर्षांत अर्धी होते. म्हणजे पंचवीस वर्षांनी उरला सुमारे सत्ताविसावा हिस्सा. कागदावर हा आकडा किरकोळ दिसतो. माणूस मारायला तो पुरला.

फेब्रुवारी 2010 मध्ये हे यंत्र लिलावात भंगार म्हणून गेलं आणि पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचलं. तिथे मजुरांनी ते फोडलं. कोबाल्टचे तुकडे झाले, काही शेजारच्या दुकानात गेले, एक तर एकाच्या पाकिटात राहिला. या किरणांना वास नाही, रंग नाही. कातडी काळी पडली, केस गळायला लागले, माणसं दवाखान्यात गेली, तेव्हा कुठे एप्रिलमध्ये उलगडा झाला. आठ जण बाधित झाले. त्यांतला एक मजूर 26 एप्रिलला गेला.

फौजेत रिकामी काडतुसंसुद्धा भंगारात द्यायची तर आधी स्फोटकमुक्त असल्याचा दाखला लागतो. त्यावर कुणीतरी नावानिशी सही करतो आणि पुढे काही झालं तर त्यालाच विचारतात. जवान कुरकुरतात, पण दाखल्याशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही. विद्यापीठात समिती होती, लिलाव होता, पावतीही होती. नियामक मंडळाची परवानगी तेवढी नव्हती. माझ्या मते घात झाला तो इथेच, मायापुरीत नव्हे. भंगारवाल्याने जे विकत घेतलं तेच फोडलं.

अशी घटना पहिली नव्हती. 1987 मध्ये ब्राझीलच्या गोयानियात ओस पडलेल्या रुग्णालयातून सीझियमचं यंत्र भंगारात गेलं आणि चार जण दगावले. तिथली पूड अंधारात निळी चमकायची, म्हणून लोकांनी ती घरी नेली. म्हणजे धडा तेवीस वर्षं जगासमोर होता.

आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर मायापुरीला सातपैकी चौथी पायरी मिळाली. शास्त्रज्ञांनी भंगाराच्या ढिगांतून तुकडे शोधून काढले आणि बुलंदशहर जिल्ह्यातल्या नरोरा अणुवीज केंद्रात नेले.