शराब आणि सिरप

गेल्या वर्षी रमजानच्या आधी आमच्या मोहल्ल्यातली गटार तुंबली. सफाई कामगाराने काठी घालून घाण उपसली, तर खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्याच बाटल्या निघाल्या. शेजारच्या एका एकोणीस वर्षांच्या पोराला मी विचारलं. रात्रपाळीला यंत्रमाग चालवणारा मुलगा. तो शांतपणे म्हणाला, "चाचा, शराब थोडीच आहे? दवा आहे. मेडिकलमध्ये मिळते."

ते उत्तर डोक्यातून जाईना.

गंमत अशी, की इंग्रजीतला 'सिरप' हा शब्द अरबी 'शराब'वरूनच आलाय. मूळ अर्थ साधा, पिण्याची वस्तू. आपलं सरबतही त्याच धातूचं. जुन्या अरबी वैद्यकात शराब म्हणजे औषधी पाक. बाराव्या शतकात शैझरीने मुहतसिबसाठी, म्हणजे बाजार तपासणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, पुस्तक लिहिलं. त्यात हे पाक करणाऱ्यांवर आणि औषधविक्रेत्यांवर वेगळी प्रकरणं आहेत, त्यांच्या लबाड्यांसकट. औषधाच्या दुकानावर नजर ठेवावी लागते हे त्या काळीही कळत होतं. इब्न सीनाच्या औषधात नोकराने जादा अफू घातल्याचं तर त्याच्या शिष्यानेच लिहून ठेवलंय.

त्या गटारीतल्या बाटल्यांचं मूळही अफूच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत अफूतून मॉर्फिन वेगळं केलं गेलं. 1832 मध्ये पॅरिसच्या रोबिके यांना कोडीन सापडलं. 1898 मध्ये बायर कंपनीने खोकल्यावर एक नवं औषध बाजारात आणलं आणि त्याची सवय लागत नाही असं सांगितलं गेलं. त्याचं नाव हेरॉईन. दर वेळी नवं औषध जुन्यापेक्षा निर्धोक म्हणून आलं.

शेजारी बांगलादेशात काय झालं, ते आपण नीट वाचायला हवं. मुस्लिमबहुल देश, दारू परवान्याशिवाय मिळत नाही. कोडीन असलेल्या फेन्सिडिलवर तिथे 1982 मध्ये बंदी आली. मग ते भारतातून चोरट्या मार्गाने जाऊ लागलं. सीमा सुरक्षा दलाने आजवर किती पेट्या पकडल्या असतील! तोंडाला दारूचा वास नाही, नाव औषधाचं. घरच्यांना कळणार कसं? शंभर मिलिलिटरच्या बाटलीत साधारण 200 मिलिग्रॅम कोडीन. औषध चमचाभर घ्यायचं असतं, पोरं बाटली तोंडाला लावतात.

आपल्याकडे सरकारने मार्च 2016 मध्ये अशा सिरपसह 344 मिश्र औषधांवर बंदी घातली, डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. क्लोरफेनिरामाइन आणि कोडीनच्या सिरपवर पुन्हा बंदी आली जून 2023 मध्ये. मधली सात वर्षं कोणाच्या पोरांची गेली?

गोळीची कथाही तशीच. अल्प्राझोलम 1981 मध्ये अमेरिकेत आलं, चिंतेच्या विकारावर. चांगलं औषध आहे, योग्य रुग्णाला योग्य दिवस दिलं तर. मालेगावात नशेच्या बाजारात तिला 'कुत्ता गोळी' म्हणतात. 2013 मध्ये केलेल्या एच-वन अनुसूचीत ती आहे: डॉक्टरची चिठ्ठी हवी, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. त्या पोराला मी विचारलं, वहीत तुझं नाव कधी लिहिलं? तो हसला.

वर्तमानपत्रात अशी बातमी आली की तिच्याबरोबर वस्तीचा धर्मही छापून येतो, आणि आपण बदनामीच्या भीतीने दार लावून बसतो. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा 2019 चा अहवाल सांगतो, की 10 ते 75 वयातले 1.08 टक्के भारतीय डॉक्टरच्या सल्ल्याबाहेर झोपेची-गुंगीची औषधं घेतात. म्हणजे कोटीच्या वर माणसं. ती काय सगळी आपल्याच मोहल्ल्यातली आहेत? पण आपल्या मोहल्ल्यातली आहेत, तेवढ्यांचं तरी आपण बोलावं. जुम्याच्या बयानात शराबवर मी पुष्कळ ऐकलंय. सिरपवर एकदाही नाही.

पुढे कळलं, तो पोरगा गोळ्याही घ्यायचा. दोन्ही एकत्र म्हणजे झोपेतच श्वास थांबण्याचा धोका. त्याची अम्मी माझ्याकडे आली. कोणीतरी तिला सांगितलं होतं, आठ दिवस खोलीत कोंड, आपोआप सुटेल. मी म्हटलं, आपा, असं करू नका. ही गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर हळूहळू कमी करतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे रिक्षाने सरकारी दवाखान्यात गेलो. मानसोपचाराच्या ओपीडीसमोर रांग होती. अम्मीने ओढणी तोंडावर ओढून घेतली, कोणी ओळखू नये म्हणून. आता रोजची गोळी तीच मोजून त्याच्या हातावर ठेवते, आणि पाकीट पुन्हा आपल्या पेटीत कुलूप लावून ठेवते.