नकोसे केस : कोणाला नकोसे?

अंगावरील केस काढण्याची रीत पाश्चात्त्य प्रसाधनांनी आपल्याकडे आणली, असा समज रूढ आहे. तो ग्राह्य नाही. केसांमुळे व्रण भरत नसेल तर ते काढण्यासाठी सुश्रुतसंहितेने शंखचूर्णाचे दोन भाग आणि हरताळाचा एक भाग असा लेप सांगितला आहे. कामसूत्रातील नागरक दर चौथ्या दिवशी श्मश्रू करतो, पाचव्या वा दहाव्या दिवशी अंगावरील केस काढतो. हा दिनक्रम पुरुषाचा आहे, हे विशेष.

आपल्या घरांतून डाळीच्या पिठाचा गोळा फिरवून बाळाची लव काढतात, त्यात मुलगा-मुलगी असा भेद नसतो. भेद पुढे येतो. मुलाला मिसरूड फुटते त्याचे कौतुक, मुलीच्या ओठावर तीच लव दिसली की कुजबूज.

मात्र केस 'नकोसे' ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो डोक्यावरच्या केसांवरून. ब्राह्मण विधवेचे केशवपन हे तिला कुरूप करणारे होते. विधवेची वेणी मृत पतीला बंधन ठरते, असा पुराणाधार त्याला दिला जाई. तिला स्वतःला ते केस नकोसे होते की काय, हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असा ठराव केला. उच्चवर्णीय घरातील अन्यायाला नकार दिला तो ज्यांना त्या घरात मान नव्हता अशा कारागिरांनी. पुढे कर्व्यांच्या आश्रमासाठी झटणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी अनेक वर्षांच्या वपनानंतर स्वतःच केस वाढवले. 'माझी कहाणी' (१९२८) हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे.

आज वस्तऱ्याची जागा मेण, दोरा आणि लेसर यांनी घेतली आहे. त्यात सक्ती नाही, असे म्हणता येईल. परंतु हनुवटीवरचे राठ केस हे पुष्कळदा संप्रेरकांच्या असंतुलनाचे लक्षण असते. अशा मुलीला वैद्याकडे नेण्याआधी पार्लरमध्ये नेले जाते, तेव्हा तिच्या प्रकृतीपेक्षा लोकांची नजर वरचढ ठरलेली असते. केस ठेवावेत की काढावेत, हा वाद गौण आहे. ज्याचे शरीर त्याला ते ठरवू देणे, एवढेच त्या नाभिकांच्या ठरावाचे शिल्लक राहिलेले काम आहे.