आकार लावून वर या

ग्वाल्हेरच्या गवयांमध्ये हस्सू खाँची एक आख्यायिका सांगतात. भर दरबारात त्यांनी एका दमात कडकबिजलीची तान घेतली. प्रतिस्पर्धी गवई बडे महंमद खाँनी वाहवा केली आणि तीच तान पुन्हा घ्यायचा आग्रह धरला. दुसऱ्या खेपेला बरगडी सरकली, तोंडातून रक्त आलं. खरंखोटं कोण सांगणार? पण कोंडलेला दम छाती फोडू शकतो, हे त्या गोष्टीतलं भय स्कूबा शिकवणाऱ्याला अगदी ओळखीचं वाटेल.

समुद्रात 10 मीटर खाली दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून छातीभर घेतलेली हवा कोंडून वर आलात, तर ती दुपटीने फुगू पाहते आणि फुप्फुस फाटतं. पोहण्याच्या तलावात पुरुषभर पाण्यातही हा धोका असतो. म्हणून नवशिक्याच्या अभ्यासक्रमातला पहिला नियम एकच : श्वास कधीही रोखायचा नाही.

या अभ्यासक्रमाचं कूळ फार जुनं नाही. 1943 साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्याँ यांनी श्वास ओढला की हवा देणारी झडप, म्हणजेच रेग्युलेटर, तयार केली. लाकडाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारींसाठी गान्याँने बनवलेल्या झडपेतून ती निघाली. यंत्र दुकानात आलं. ते वापरायचं कसं, हे शिकवणारा मात्र कोणी नव्हता. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत कॉनराड लिंबो यांनी संशोधकांसाठी शिस्तशीर वर्ग सुरू केला. लॉस एंजेलिस काउंटीच्या उद्यान आणि मनोरंजन खात्यातले अल टिलमन दोन सोबत्यांसह तिथे जाऊन शिकले, आणि 1950च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी सामान्य माणसाला शिकवणारे शिक्षक घडवायला घेतले. पाण्याखालच्या शिक्षणाची पहिली सार्वजनिक परीक्षा अशी एका बागांच्या खात्याने घेतली. पुढे 1960 साली टिलमन यांच्याच पुढाकाराने ‘नाउई’ ही प्रशिक्षण संस्था निघाली आणि 1966 साली ‘पाडी’. पाडीच्या दोन संस्थापकांपैकी राल्फ एरिक्सन पोहण्याचे प्रशिक्षक होते. 200 मीटर सलग पोहा, 10 मिनिटं तरंगून दाखवा, ही अभ्यासक्रमातली अट पाहिली की तलावाकाठी शिट्टी घेऊन उभा असलेला मास्तर आठवतोच. 2007 साली या साऱ्याला आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक मिळालं.

ग्वाल्हेरला ही वाट नवी वाटू नये. हस्सू खाँची गायकी वासुदेवबुवा जोशींकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आली, त्यांच्याकडून विष्णु दिगंबर पलुसकरांकडे. पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि उस्तादाच्या मर्जीवर चालणारी तालीम इयत्ता आणि परीक्षांमध्ये बांधली. घराण्याची विद्या अनोळखी मुलांच्या हाती द्यायची, तर तिचे टप्पे कागदावर उतरवावेच लागतात.

आणखी एक धागा थेट आजच्या ग्वाल्हेरला पोचतो. गोव्याची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था 1990 साली सुरू झाली. ती जीवरक्षक आणि बोटी चालवणारे तयार करते. 2004पासून ती भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्थेचा भाग आहे, आणि या संस्थेचं मुख्यालय आहे ग्वाल्हेरच्या गोविंदपुरीत. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण गोव्याच्या पाण्याचा कारभार इथल्या दप्तरात.

मालवण-तारकर्लीला सुट्टीत ‘स्कूबा केलं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिथे वाटाड्या पाठीमागून सिलिंडर धरून असतो. आपण फक्त मासे पाहायचे. तो अनुभव झाला, शिक्षण नव्हे. शिकल्याचं प्रमाणपत्र म्हणून मिळणारं कार्ड मिळवायचं, तर आधी तलावात आणि मग समुद्रात चार वेळा उतरून एकेक कौशल्य करून दाखवावं लागतं. तळाशी गुडघे टेकून मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं, कपाळाजवळची कड दाबायची, मान जराशी उचलायची आणि नाकाने फुंकर मारायची. पाणी खालून निघून जातं. पहिल्यांदा नाकातोंडात जातं, डोळे चुरचुरतात, वर पळावंसं वाटतं. ती घाई मोडेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा करायचं.

कार्ड म्हणजे अभय नव्हे. ज्यांच्यापासून हे कूळ सुरू झालं, ते लिंबो 1960 साली फ्रान्समधल्या पाण्याखालच्या एका गुहेत वाट चुकले आणि गेले.

अभ्यासक्रमातला एक धडा हवा संपल्यावर वर कसं यायचं याचा. दम सुटत राहतोय की नाही, हे शिक्षकाला कळावं कसं? त्यासाठी विद्यार्थ्याने तोंडातलं रेग्युलेटर न काढता सलग ‘आऽऽ’ असा आवाज करत यायचं असतं. आधी तलावात 9 मीटर आडवं, मग समुद्रात उभं. आवाज थांबला की दम कोंडला, म्हणजे धडा पुन्हा पहिल्यापासून. शिक्षक शेजारी पोहत असतो, कान त्या आकाराकडे लावून.