खोडदची दुर्बीण आणि विद्यार्थ्यांच्या आज्ञावल्या

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जुन्नर-आंबेगावच्या शाळा आपले प्रयोग घेऊन तेथील प्रदर्शनाला जातात. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांतील १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरात, तर १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर दूरवर विखुरलेल्या. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांनी ताणलेल्या तारदोरांवर जाळी बसवून या अँटेना कमी खर्चात कशा उभ्या केल्या, ही हकिकत अनेकदा सांगितली जाते. या दुर्बिणीसाठी लिहिल्या गेलेल्या आज्ञावल्यांचा, म्हणजे सॉफ्टवेअरचा, इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. त्यात संशोधक विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे.

प्रथम काम केवढे आहे ते पाहू. तीस अँटेनांचे मिळून एक चित्र बनवायचे तर प्रत्येक जोडीचे संकेत एकमेकांशी गुणावे लागतात. तीस जणांनी एकमेकांशी एकेकदा हस्तांदोलन केले तर एकूण किती हस्तांदोलने होतील? ४३५, म्हणजे जोड्याही तितक्याच. आता १६ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा घेतला, तर प्रत्येक संकेताचे सेकंदाला किमान ३ कोटी २० लाख नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक अँटेनाकडून दोन ध्रुवीकरणांचे दोन संकेत येतात, म्हणजे एकंदर ६० संकेत. गुणाकार करून पाहा: दर सेकंदाला १९२ कोटी संख्या! एका संख्येला एक बाइट धरला, तरी सेकंदाला जवळजवळ तीन सीडी भरतील. आणि हे काम थांबवून ठेवता येत नाही. या सेकंदाचे गणित याच सेकंदात उरकले नाही, तर पुढच्या सेकंदाची माहिती साचू लागते.

१९९०च्या दशकातील सर्वसाधारण संगणकांना हे झेपणारे नव्हते. म्हणून हे गुणाकार करणारे यंत्र, ज्याला कोरिलेटर म्हणतात, खास चिपांचे बनवले गेले. अमेरिकेतील व्हीएलबीए या दुर्बीणजालासाठी तयार केलेल्या चिपाच खोडदलाही वापरल्या होत्या. २००२ साली दुर्बीण जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी खुली झाली, ती याच यंत्रासह. यंत्र चांगले होते, पण चिपेत जे कोरले ते कोरले. एखाद्याला वेगळ्या रीतीने मोजायचे सुचले, तर सूचना वहीतच राहायची.

पुढील काही वर्षांत बाजारात मिळणारे संगणक इतके वेगवान झाले, की तेच काम आज्ञावलीने करण्याचा विचार मांडता येऊ लागला. ऑस्ट्रेलियात स्विनबर्न विद्यापीठात अ‍ॅडम डेलर या संशोधक विद्यार्थ्याने सहकाऱ्यांसह डिफएक्स नावाचा सॉफ्टवेअर कोरिलेटर तयार केला आणि २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. पुढे तो व्हीएलबीएनेच स्वीकारला. त्याच सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात, म्हणजे एनसीआरएत, जयंत रॉय हे संशोधक विद्यार्थी यशवंत गुप्ता यांच्याबरोबर खोडदसाठी अशीच प्रणाली उभारत होते. टोरांटोचे उ-ली पेन, कार्नेगी मेलन विद्यापीठाचे जेफ्री पीटरसन आणि खोडदचे अभियंते या कामात सहभागी होते. लिनक्सवर चालणारे, बाजारातून आणलेले संगणक जाळ्याने जोडून काम त्यांच्यात वाटले गेले. या प्रणालीची माहिती देणारा शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. एकाच घराण्यातल्या चिपांची जागा दोन खंडांत आज्ञावलीने घ्यावी, हा योगायोग आम्हांला मोठा मौजेचा वाटतो.

या प्रणालीचा एक उपयोग फार महत्त्वाकांक्षी होता. विश्व सुमारे ६० कोटी वर्षांचे असताना पहिल्या ताऱ्यांच्या प्रकाशाने आजूबाजूचा हायड्रोजन आयनित होऊ लागला होता. त्या हायड्रोजनची २१ सेंटिमीटर लांबीची लहर विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन आज सुमारे दोन मीटरची झाली आहे. खोडदचा १५० मेगाहर्ट्झचा पट्टा नेमका तेथेच पडतो. पण हा संकेत काही मिलिकेल्विनचा. आपल्या आकाशगंगेचा रेडिओ गोंगाट त्याच्या हजारो पट. शिवाय विजेच्या तारांतून उठणारा जमिनीवरचा खरखराट वेगळाच.

डिसेंबर २००७ मध्ये निरीक्षणे घेण्यात आली. बी०८२३+२६ या स्पंदकाचा मापदंड म्हणून उपयोग केला. हा स्पंदक सुमारे ०.५३ सेकंदाने एकदा लुकलुकतो. 'चालू' क्षणांतून 'बंद' क्षण वजा केले की उरतो तो फक्त स्पंदक. त्याच्या ठोक्याला ठोका मिळवून मोजणे आज्ञावलीला सोपे गेले. जमिनीवरचा खरखराट ओळखण्याची युक्तीही सुंदर होती: तारे सरकतात, विजेचे खांब सरकत नाहीत; तेव्हा जे हलत नाही ते गणिताने वेगळे काढा.

२०११ साली टोरांटो विद्यापीठाचा विद्यार्थी ग्रेगरी पासिगा हा पहिला लेखक असलेला निबंध आला. संकेत सापडला नव्हता, पण त्याचे चढउतार फार तर ७० मिलिकेल्विन असू शकतात, अशी वरची मर्यादा त्यात दिली होती. आता खरी गोष्ट येथून पुढे आहे. आकाशगंगेचा गोंगाट वारंवारतेनुसार सावकाश बदलतो, म्हणून सावकाश बदलणारे सारे आज्ञावली काढून टाकत होती. पण कांद्याच्या वाफ्यात खुरपणी करताना तणाबरोबर कांद्याची रोपेही उपटली गेली, तर? उरलेला वाफा स्वच्छ दिसेल खरा. पण पीक कमी आले असे त्यावरून म्हणता येणार नाही.

म्हणून या गटाने जाणून-बुजून एक कृत्रिम संकेत निरीक्षणांत मिसळला आणि तो आज्ञावलीच्या दुसऱ्या टोकाने किती शिल्लक राहतो ते मोजले. त्यातला बराचसा वाटेतच नाहीसा होत होता. ही तूट भरून काढल्यावर मर्यादा ७० वरून २४८ मिलिकेल्विनवर गेली. हा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याचाही पहिला लेखक पासिगाच होता. साडेतीनपट 'वाईट' झालेला आपलाच आकडा छापायला किती धैर्य लागते, हे संशोधनाच्या व्यवसायात असलेल्या आम्हां लोकांना चांगले ठाऊक आहे.

शाळेत हा प्रयोग सहज करता येतो. रोजच्या तापमानाच्या नोंदी घ्या, त्यांत एका विद्यार्थ्याला गुपचूप एक लहानसा उंचवटा मिसळू द्या, आणि दुसऱ्याला सरासरी काढून आलेख गुळगुळीत करू द्या. उंचवटा किती उरला, ते वर्गाने मोजावे.

दक्षिण आफ्रिकेतील हेरा दुर्बिणीने २०२३ मध्ये हीच मर्यादा किंचित अलीकडच्या काळासाठी सुमारे २१ मिलिकेल्विनपर्यंत खाली आणली. त्या गटानेही आपल्या आज्ञावल्या आधी कृत्रिम संकेतावर तपासून घेतल्या होत्या. खोडदच्या दुर्बिणीची सुधारित आवृत्ती आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा एकदम हाताळते, आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी तेथे प्रकल्प करायला येतात. हायड्रोजनचा तो संकेत मात्र अजून कोणालाच सापडलेला नाही.