घडीचा कागद आणि सणाचा निरोप

दिवाळी-संक्रांतीला शाळेतली मुले रंगीत कागदाच्या घड्या घालून भेटपत्रे करतात. पुष्कळांना वाटते, ही साहेबाकडून आलेली हौस. यात खरे किती, ते आज पाहू या.

छापील भेटपत्र साहेबाचे, यात शंका नाही. १८४० साली इंग्लंडात एका पेनीचे टपाल सुरू झाले आणि तीनच वर्षांनी, १८४३ मध्ये, लंडनच्या हेन्री कोल यांनी नाताळचे पहिले विक्रीचे भेटपत्र छापवून घेतले. किंमत एक शिलिंग, म्हणजे गरिबाला न परवडणारी. आपल्याकडे १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि खेड्यातल्या माणसालाही एका पैशात दूरच्या मुलीची खुशाली विचारता येऊ लागली.

पण कागदाची घडी मात्र आपल्या ओळखीची, बरं का! तुमचे कवठे येमाई शिरूर तालुक्यात. त्याच पुणे जिल्ह्यातले जुन्नर एके काळी हातकागदासाठी नावाजलेले होते. तिथले कागदी लोक लगदा गाळणीवर उचलून ताव काढीत. खळ लावून, गुळगुळीत दगडाने घोटून, मग त्यावर बोरू चाले. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाला उभी घडी घाली आणि त्या घडीनेच समास पाडी. पट्टी नको, रेघ नको. मानाचे पत्र असले तर ते घडी करून थैलीत घालीत, तोच खलिता.

पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला. शाळा-कचेऱ्यांची सोय झाली, पण कागद्यांच्या घरची भाकरी गेली. एकाची सोय ती दुसऱ्याची उपासमार, हे इतिहासात वारंवार दिसते. ती कला जगावी म्हणून गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. सुती चिंध्यांपासून कागद, आणि त्या कागदाची भेटपत्रे, असा तिचा उद्योग.

संक्रांतीला तर आपल्या लोकांनी टपालालाच तिळगूळ वाटायला लावले! परगावच्या आप्तांना पाठवायच्या पाकिटात हलव्याचे चार दाणे कागदाच्या पुडीत घालून देत. ती पुडी म्हणजे घडीच की. आकाशकंदिलाच्या करंज्याही घडीच्याच.

गुरुजी, वर्गात एक प्रयोग करून पाहा. जाड कागद हलकेच आडवा वाकवा, मग उभा. गिरणीच्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने निजलेले असतात. ज्या बाजूने तो सहज वाकेल, त्याच बाजूने घडी घाला, म्हणजे ती फाटत नाही. हातकागदात तंतू चोहीकडे विखुरलेले, म्हणून तो कुठूनही घडी सोसतो. आता पतंगी कागदाची २४ सेंटिमीटर लांब, ६ रुंद पट्टी घ्या. एक-एक सेंटिमीटरवर उलटसुलट चुण्या घाला आणि एक टोक दोऱ्याने आवळा. बांधलेले टोक भेटपत्राच्या मधल्या घडीवर टेकवा, आणि पहिली चुणी एका पानाला, शेवटची दुसऱ्या पानाला, घडीशी काटकोनात कणकेच्या खळीने चिकटवा. पत्र उघडताच पंखा उभा राहतो. पाठीमागे कोरी वही लागते असे नाही. पाठकोरा कागदही चालतो.

आता शुभेच्छा फोनवरून क्षणात जातात, आणि एकाच मजकुराने शंभर जणांना जातात. त्यात वाईट काही नाही. पण चोवीस चुण्या घालताना मूल एकाच माणसाचा विचार करीत असते, आणि उघडणाऱ्याला ते कळते. या सणाला वर्गातल्या प्रत्येक मुलाला विचारा, “तुझे पत्र कोणाला?” उत्तर आले, की घडीला सुरुवात करा.